डाव्या पापणीचा गुन्हा

पेंगुळरावांची डावी पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. त्यावरूनच हे नाव पडलं. माणूस मात्र डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणारा. एकोणतीस वर्षं हॉस्पिटलची गाडी चालवली, पण कुणाच्या आरशाला ओरखडा नाही. आठवड्यातून तीनदा ते बाईंना डायलिसिसला न्यायचे. बाई निवृत्त शिक्षिका. घरी रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, पण पेंगुळरावांच्या मागच्या सीटवर बसल्या की दुसऱ्या सिग्नलच्या आत घोरायला लागायच्या. याचा पेंगुळरावांना, खोटं कशाला बोला, भारी अभिमान होता.

मग नवी गाडी आली. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा धरून ती आपली आपण चाले, आपला आपण ब्रेक लावी आणि स्टिअरिंगमागच्या इवल्या कॅमेऱ्यातून चालकाचे डोळे तपाशी. पहिल्याच दिवशी तिनं पेंगुळरावांकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं, हा झोपलाय. टूँ टूँ टूँ! पडद्यावर वाफाळता कप : थोडी विश्रांती घ्या.

बाई दचकून जाग्या झाल्या. "काय झालं हो?"

"काही नाही बाई. गाडीला वाटतंय, मी झोपलोय."

"मग सांगा ना तिला!"

सांगणार कुणाला? बटण दाबून आवाज बंद केला, तरी पुढच्या वेळी किल्ली फिरवली की ये रे माझ्या मागल्या. वर प्रत्येक टूँची नोंद ऑफिसात. दुसऱ्या पाळीचा चालक टपोऱ्या डोळ्यांचा. तो कानात फोन घालून मेहुण्याशी भांडत गाडी चालवायचा आणि त्याला शंभरपैकी शंभर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

साहेबांनी बोलावलं. "अहो, मला कळतंय सगळं. पण रिपोर्ट माझ्याही वर जातो. शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही, तर तुम्हाला गेटवर बसवावं लागेल."

त्या दिवसापासून पेंगुळरावांना घरात एका जागी बसवेना. आरशासमोर भुवया चढवून पाहिल्या, तर कपाळ ठणकायला लागलं. शेवटी बायकोनं जखमेची चिकटपट्टी आणली आणि पापणी थेट भुवईला चिकटवून टाकली.

"घ्या, आता दिसा जागे," ती म्हणाली.

शुक्रवारी गाडी चिडीचूप. बाई निवांत झोपल्या. पण पापणी मिटेना, डोळा कोरडा पडून झोंबायला लागला, मग पाणी वाहू लागलं आणि डावीकडचं सगळं धूसर झालं. वळणावर डावीकडून सायकल आली. पेंगुळरावांना ती दिसली तेव्हा चाकाला लागायचीच बाकी होती. गाडीनं आणि त्यांनी एकदमच ब्रेक मारला. सायकलवाली शिव्या देत निघून गेली. पेंगुळरावांनी पट्टी ओढली, तिच्याबरोबर थोडी भुवईही आली, आणि हॉस्पिटल येईपर्यंत टूँ टूँ ऐकत गाडी चालवली.

बाईंना उतरवून ते स्वतःच साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, पट्टी लावली की गाडीला मी जागा दिसतो. पण मग मला रस्ता दिसत नाही. मी बसतो गेटवर."

साहेबांनी मान खाली घातली आणि गेटच्या ड्यूटीचा कागद पुढे सरकवला.

सोमवारी पेंगुळरावांनी गेटचा आडवा दांडा वर केला. टपोऱ्या डोळ्यांच्या चालकाची गाडी जराही आवाज न करता आत शिरली. मागच्या सीटवर बाई होत्या. पाठ ताठ, पर्स छातीशी धरलेली आणि दोन्ही डोळे टक्क उघडे.