बोटीच्या तळाला उमटलेला पंजा

मंडळी, आज मी एक काम मुद्दाम खराब केलं.

शिरपूरजवळ तापीवर एका आबांच्या फायबरच्या बोटीत मासे दाखवणाऱ्या मशीनचा सेन्सर बसवायचा होता. तो आतून, तळाची जागा घासून सपाट करून चिकटवतात.

घासायला वाकलो, तर आबांनी माझं मनगटच धरलं. "तठे नको, भाऊ. मना पोऱ्याना हात शे तो."

बोट त्यांच्या पोराने स्वतः बनवलेली. ओल्या रेझिनमध्ये त्याचा पंजा उमटला, तसाच वाळला. मागच्या वर्षी पोरगा गेला.

सेन्सर भलत्याच जागी चिकटवला. मशीनवर धड काही दिसेना.

"मासा नही दिसनात तरी चाली," म्हणत आबांनी त्या पंजात आपला हात ठेवला. पोराचा पंजा मोठा होता.

सांगा, कसं घासणार होतो मी?