वॉरंटच्या भीतीने अडलेली सही

ते प्रकरण आजही जसेच्या तसे आठवते. गंमत अशी की माझ्या नोकरीच्या कोणत्याही कागदावर त्याची नोंद नाही. ते हाती आले तेव्हा मला निवृत्त होऊन वर्ष झाले होते आणि मी रॉटरडॅमला लागून असलेल्या कापेल आन डेन आयसेलमध्ये लेकीच्या घरी होतो. महिनाभरासाठी म्हणून गेलो आणि करोनामुळे विमाने बंद पडली. व्हिसा वाढवून मिळाला, रक्तदाबाच्या गोळ्या तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, आणि मी अडकलो.

लेकीच्या मजल्यावर दोन दारे सोडून एक मराठी कुटुंब राहायचे. नवरा पुण्याहून आलेला इंजिनिअर, बंदरातल्या मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरवर काम करणारा. बायको आणि चार वर्षांची मुलगी. तिथल्या इमारतींत स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते आणि मी दिवसभर गॅलरीत फेऱ्या मारायचो. जन्म पोलिसात गेला, नजर जातेच. त्या घरात थंडीतही हीटर बंद असायचा, माणसे स्वेटर घालून बसायची. मुलीचा वाढदिवस वाटीभर शिऱ्यावर उरकला. फोन थरथरला की बायको हातातले काम टाकून नवऱ्याकडे बघायची, आणि तो फोन घेऊन बाथरूममध्ये जायचा. बाहेर गाठ पडली की मात्र, "सगळं मस्त, काका!"

मी पोलिसात होतो हे लेकीने एकदा बोलता बोलता सांगितले, तशी ती चिमुरडी आईच्या मागे दडली आणि हुंदके द्यायला लागली. पोलिसांना बिचकणारी मुले खूप पाहिली आहेत. हे बिचकणे नव्हते. या घरात पोलीस हा शब्द रोज येतो आहे, एवढे मला कळले.

दोन दिवसांनी तिची आई स्वतःच आली. दारापासून लांब, मास्क लावून उभी राहिली.

"काका, एक विचारू? हॉलंडमध्ये राहणाऱ्या माणसाला पकडायला पुण्याहून पोलीस येतात का हो?"

"काय केलंय त्या माणसानं?"

"काही नाही केलं." तिचे डोळे भरले. "क्रेडिट कार्डाचे पैसे थकलेत."

लेक आतून ओरडली, "बाबा, चहा गार होतोय. आणि तुम्ही रिटायर झालाय!"

"चहाला थांबायला सांग," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या, नियमाप्रमाणे दीड मीटर अंतर ठेवून. तिचा नवरा येऊन बसला, पण बोलेना. चौकशीत माणूस गप्प बसला की नवा अधिकारी आवाज चढवतो. मी त्याच्या गावाची चौकशी केली. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते म्हणाला. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, रात्रपाळी करून त्यांनी मला शिकवले. आमच्या घरात पदवी आणणारा पहिला मी, त्यांच्या घरात पहिला तो. हे कळल्यावर माणूस सैल झाला.

आमच्यासारख्यांची एक अडचण असते. सगळे घर आपल्याकडे अभिमानाने बघत असते, त्यामुळे अडलो हे सांगायला घरात जागाच उरत नाही. त्यानेही कोणाला सांगितले नव्हते. वडिलांचे हृदयाचे ऑपरेशन कार्डावर झाले होते, पाठोपाठ इकडच्या घराचे डिपॉझिट. इथला पगार सुरू झाला की फेडू, असे ठरवून तो विमानात बसला. वर्षभर नेमाने भरलेही. मग करोना आला, पगारात कपात झाली. भारतात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर झाली म्हणून त्याने भरणे थांबवले. व्याज चालूच राहते, हे लक्षात आले नाही. असे पुष्कळांचे झाले. रक्कम फुगली आणि मग त्या इन्स्पेक्टरचा फोन आला.

"काय म्हणतो?"

"फसवणुकीचा गुन्हा दाखल झालाय, वॉरंट निघालंय, पासपोर्ट जप्त होईल. दर आठवड्याला थोडे पैसे पाठवले तर वॉरंट दाबून ठेवतो म्हणाला."

"आणि तू पाठवतोस."

त्याने मान खाली घातली. "काका, ते एक वेळ ठीक आहे. पण इथं राहायचं माझं परमिट वाढवायचंय. कंपनीनं फॉर्म पाठवलाय. माझ्यावर कुठेही गुन्हा नाही, असं त्यात सही करून द्यायचं. खोटी सही कशी करू?"

"मुदत किती?"

"दोन आठवडे. त्यात सही गेली नाही तर नोकरी संपली, राहणं संपलं. बायकोनं बॅगा काढून ठेवल्यात."

नोकरीत हजार खोट्या सह्या पाहिल्या. खोटी सही नको म्हणून चालते घर मोडायला निघालेला माणूस पहिल्यांदाच पाहत होतो.

मी त्याला स्पष्ट सांगितले. कार्डाचे पैसे थकणे हा बँकेचा आणि तुझा दिवाणी व्यवहार. नुसते पैसे थकले म्हणून पोलीस उचलत नाहीत. वॉरंट न्यायालय काढते, पोलीस ठाणे नाही. आणि ते दाबून ठेवायला पैसे मागणारा माणूस खरा पोलीस असला तरी गुन्हेगारच. त्याने ऐकले, पण पटले नाही.

"मग त्याला सगळं कसं माहीत? बँकेत किती थकलेत ते आकड्यानिशी सांगतो. मुलगी खोकत होती तेही त्याला माहीत होतं."

हा प्रश्न मात्र रास्त होता.

पुढचा फोन आला तेव्हा मी शेजारी बसलो, आवाज स्पीकरवर. पलीकडचा गरजला, "मी इन्स्पेक्टर साहेब बोलतोय!" तिथेच मला हसू आले. कोणताही निरीक्षक स्वतःला साहेब म्हणत नाही. ते काम हवालदार करतात. ठाण्यात वायरलेस सतत खरखरत असतो, इथे मागे कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी घाईघाईने फोनवर हात ठेवला, पण दुसरी शिट्टीही आम्ही ऐकली.

"साहेबांच्या ठाण्यात आज भात दिसतोय," मी नंतर म्हणालो. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कोणीतरी हसले. ती त्याची बायको होती.

पण तोतया आहे हे कळून भागणार नव्हते. घरची माहिती बाहेर जाते कुठून, हे सापडल्याशिवाय त्याची भीती जाणार नव्हती, आणि भीती जाईपर्यंत तो सही करणार नव्हता.

"बँकेचे मेसेज कुठल्या नंबरवर जातात?"

"भारतातल्या."

"ते सिम कुठं आहे?"

"पुण्यात, मावसभावाकडे. ओटीपी लागतो ना काका, रोमिंग परवडत नाही. लागला की तो वाचून दाखवतो."

शेजाऱ्याकडे किल्ली ठेवली आहे, इतक्या सहज त्याने सांगितले. घरी येऊन लेकीला विचारले तर तिचेही सिम कोल्हापुरात दिराकडे! परदेशी गेलेल्या आपल्या मुलांची ही सर्रास पद्धत आहे. पण त्या सिमवर नुसता ओटीपी येत नाही. थकबाकी येते, बँकेचे फोन येतात, माणसाची सगळी अब्रू येते.

मावसभावाचे नाव काढताच तो चिडला. "शक्य नाही! कॉलेजची चार वर्षं मी मावशीकडे जेवलोय. तो माझ्या पाठचा भाऊच आहे."

"मी कुठं म्हणतोय तो चोर आहे म्हणून? एक खडा टाकून बघू. तो निर्दोष असेल तर मी त्याची माफी मागेन."

खडा टाकणे म्हणजे संशयितांपैकी एकालाच एक बारीकशी खोटी गोष्ट सांगायची आणि ती कुठून परत येते ते बघायचे. त्याने मावसभावाला फोन केला. भाडे झेपत नाही, रविवारपासून फोरबर्ग या जवळच्या गावात एका मित्राकडे राहायला जातोय, एवढेच सांगितले. हे दुसऱ्या कोणालाही माहीत नव्हते. असा मित्रच नव्हता.

मंगळवारी इन्स्पेक्टर साहेब कडाडले, "फोरबर्गला लपलास म्हणून सुटलास असं वाटतं का?"

त्याने फोन ठेवला. मला आनंद झाला नाही. प्रकरण उलगडल्यावर अधिकाऱ्याला जो एक हुरूप येतो, तो त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मावसभावाला व्हिडिओ कॉल लावला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझी ओळख दिली तेव्हाच पोराचा चेहरा उतरला.

"जेवलास का रे?" मी विचारले.

"हो... नाही, साहेब."

"आई कुकर लावते ना, दुपारी?"

तो चपापला. मग त्याने माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या दादाकडे पाहिले आणि तो फुटला. कॉलेजबाहेर त्याची मेस होती. लॉकडाऊनमध्ये पोरे गावी गेली, मेस बसली. वसुली एजन्सीतून काढलेला एक ओळखीचा माणूस होता. सिमवरचे मेसेज पाहून त्यानेच डोके चालवले. इन्स्पेक्टरचा आवाज त्याचा, घर मावशीचे. मावशीला वाटायचे, पोरे नोकरीचे इंटरव्ह्यू देताहेत.

"दादा, दोनच महिने करणार होतो रे. मेस सुरू झाली की परत देणार होतो."

"मला मागितले असतेस तर?"

"कुठल्या तोंडानं मागू? तू सगळ्यांना सांगायचास, सगळं मस्त आहे. तुझ्यापुढं रडायची लाज वाटली."

ते 'सगळं मस्त' मीही गॅलरीत ऐकले होते.

मग पोराने आणखी एक सांगितले. बँकेतल्या एक अधिकारी बाई महिनाभर त्या नंबरवर फोन करत होत्या, आणि तो उचलत नव्हता.

मी त्याला स्पष्ट बजावले. पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणे हा गुन्हा आहे, नाते बघून तो लहान होत नाही. स्वतः ठाण्यात जा आणि सगळे सांग. माझ्या हाताखाली काम केलेल्या एक महिला हवालदार तेव्हा पुण्यात होत्या. दिवसभर बंदोबस्ताची ड्यूटी करून त्या त्याच्या घरी गेल्या, मावशीला धीर दिला आणि त्याला ठाण्यात घेऊन गेल्या. त्याच्या जबाबावरून तो आवाज पकडला गेला. परदेशात राहणाऱ्या आणखी काही पोरांना तो असाच धमकावत होता. मावसभावालाही जे व्हायचे ते झाले, त्याने ते सोसले. त्या हवालदार बाईंचे उपकार मी विसरलेलो नाही.

इकडे आम्ही बँकेला फोन लावला. त्या अधिकारी बाई म्हणाल्या, "अहो सर, किती दिवस शोधतोय आम्ही तुम्हाला! हप्ते बांधून द्यायचे होते." तो फोन हातात धरून रडला. इतके दिवस ज्या दाराला घाबरून तो पळत होता, त्या दारात माणूस वाट बघत उभा होता. कमी रकमेत मिटवायचा पर्यायही त्यांनी सांगितला. तो म्हणाला, "नको मॅडम. वडिलांच्या ऑपरेशनचे पैसे आहेत, पूर्ण देईन." बँकेत इकडचा नंबर नोंदवला, सिम बंद केले.

फॉर्मवर सही त्याने मुदतीच्या आदल्या दिवशी केली, माझ्यासमोर. मग बायकोने बॅगा परत माळ्यावर टाकल्या आणि हीटर लावला. पुरणपोळी करायला गूळ मिळाला नाही, तर साखरेची केली. तिची मुलगी पोळीचा तुकडा घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली. बराच वेळ मला न्याहाळून तिने इंग्रजीत विचारले, मी खरा पोलीस आहे का. मी म्हणालो, "खरा. आणि तुझ्या बाजूचा." मराठी तिला समजायचे. ती मांडीवर चढून बसली.

या प्रकरणाने मला जे शिकवले ते नोकरीत शिकलो नव्हतो. लबाड माणसाला वॉरंट दाखवले तर तो वकील शोधतो. सरळ माणूस वॉरंटचे नाव ऐकूनच खचतो. म्हणून सरळ माणसांनी तरी लवकर बोलावे, घरच्यांशी, बँकेशी, शेजारच्या म्हाताऱ्याशी. त्या मुलाने माझे आभार मानले, पण आभारी मी आहे. वडिलांनी रात्रपाळ्या करून घालायला दिलेला गणवेश उतरवल्यावरही तो कोणाच्या उपयोगी पडला.

पुढे मी परत आलो. सुमारे दोन वर्षांनी त्याचा फोन आला. कार्डाची सगळी रक्कम फिटली होती, बँकेने काही बाकी नसल्याचे पत्र दिले होते, आणि मावशी त्या आठवड्यात कापेलला त्याच्या घरी राहायला आली होती.