अलीमचा शिरस्ता

श्रीरामपूरला स्टेशनावरून मेन रोडकडे निघालं की डाव्या हाताला एक बोळ लागते. तिथे अलीम मणियारचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपल्या चांगुलपणामुळे. आत पाय ठेवायला जागा नाही. जमिनीपासून माळ्यापर्यंत जुने सीपीयू रचलेले, त्यांच्यावर पाठमोरे मॉनिटर, आणि एका कोपऱ्यात सुतळीने बांधून ठेवलेले कीबोर्डांचे भारे. मधल्या टेबलाशी, कपाळावर भिंग चढवून, चौपन्न वर्षांचा अलीम. बापाचा धंदा बांगड्यांचा होता. पोरगा नगरला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स करून आला तेव्हा बाप म्हणाला होता, की काचेच्या बांगड्यांपेक्षा नाजूक धंदा तू कुठून शोधून काढलास? अलीम हे अजूनही हसून सांगतो, पण बाप बरोबर बोलला होता हे काही कबूल करत नाही.

नवा लॅपटॉप घेऊन कोणी चुकून आत आलं तर अलीम त्याला हातसुद्धा लावत नसे. "हे उघडत नाही हो. जे उघडता येत नाही त्याला मी मशीन म्हणत नाही," असं सांगून तो गिऱ्हाइकाला समोरच्या मोबाईलवाल्याकडे पाठवी. अशाने धंदा काय होणार? नव्हताच होत. घर चालत होतं ते बायकोच्या, शहजादीच्या शिवणकामावर. पण पंधरा-वीस वर्षं जुनं मशीन आलं, की ह्या माणसाच्या अंगात वारं शिरे. रॅम काढून शाळेच्या खोडरबराने तिची सोनेरी पट्टी घासायची, फुगलेले कंडेन्सर बदलायचे, पंख्यातली धूळ ब्रशने झाडायची, आणि मग बटण दाबून कान लावून बसायचं.

रविवारी सकाळी दोघे जण हमखास यायचे. कारभारी हा साखर कारखान्यातून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन, बोलायला फाटका आणि हाताला पक्का. नितीन राहुरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक. वयाने लहान, पण जुन्या मशीनचं वेड दोघांच्या वरताण. तिघे जमले की चहा गार होईस्तोवर भांडायचे. विंडोज अठ्ठ्याण्णव बरी की एक्सपी? बंद पडलेली हार्डडिस्क फ्रीजमध्ये ठेवली तर खरंच एकदा चालते का? ह्या फ्रीजच्या वादावर त्यांनी दोन हिवाळे काढले. कारभारीचं म्हणणं, चालते. नितीनचं म्हणणं, आत दव साचून असलेलीही मरते. शेवटचा शब्द अलीमचा असायचा, कारण दुकान अलीमचं होतं आणि आवाजही अलीमचाच मोठा होता.

अलीमचा एक शिरस्ता होता. कुठलीही डिस्क आली की आधी तपासणी, मग उतरवणी. म्हणजे आधी डिस्क तपासायचा प्रोग्रॅम पूर्ण चालवायचा, आणि मगच आतला माल दुसरीकडे घ्यायचा. फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा व्हायरस त्याने तसाच उचलून दुसऱ्याच्या मशीनमध्ये नेला होता आणि गावभर तोंड लपवत फिरला होता. तेव्हापासूनचा हा नेम. पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगे.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी राहात्याच्या बाजूने एक जोडपं आलं. बाईंच्या कडेवर मूल असावं तसा सीपीयू चादरीत गुंडाळलेला, आणि मागून काठी टेकत नवरा. बिभीषण त्रिभुवन हे नाव त्या पट्ट्यात ठाऊक होतं. चौदा एप्रिलच्या आगेमागे शाहीर बिभीषणचा जलसा नाही असं गाव तीस वर्षांत नव्हतं. गाणी सगळी स्वतःची. पेशाने ग्रामपंचायतीत शिपाई. पंचायतीने मोडीत काढलेला कॉम्प्युटर ह्या माणसाने घरी आणला आणि एका बोटाने टाईप करत आपली सगळी गाणी त्यात भरली. वह्यांना वाळवी लागली तेव्हा बिनदिक्कत जाळल्या. आता सगळं मशीनमध्ये आहे म्हणाला.

"दिवाळीत ह्यांच्या अंगावरनं वारं गेलं," बनाबाई म्हणाल्या. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बोलणं नीट, पायरी-पायरीने. "उजवी बाजू बरी हाय आता. पन बोलता येत न्हाई. शब्दच सापडत न्हाई त्यांना. जलशातले साथीदार निम्मे गेले, उरल्यात त्यांना नुस्तं ध्रुपद येतं. मशीन लावावं म्हनलं तर हे टिकटिक करतंय नुस्तं. अलीमभाई, ह्यात दोनशे वर गानी हायत. दुसरीकडं कुठंच न्हाईत."

"बसा मावशी," अलीम म्हणाला. "इथं आलं ते उठून चालत गेलं."

हे तो नेहमी म्हणायचा. त्या दिवशी मात्र बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच जरा धास्ती वाटली.

तिघे कामाला लागले. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, बदलला. रॅम घासली. तीनदा मशीन नुसतंच टिकटिकलं. बिभीषण शाहीर स्टुलावर बसून पाहत होते, आणि कंटाळले म्हणा की मनात काही आलं म्हणा, एकाएकी गाऊ लागले. "पाटाचं पाणी कुणाच्या दारी, आम्ही उभे का बांधावरी..." साधे 'पाणी द्या' हे शब्द ज्याला जुळवता येत नव्हते, तो माणूस एकही अक्षर न अडखळता अख्खं कडवं गाऊन गेला. नितीन तर पेचकस हातात धरून बघतच राहिला. डॉक्टर म्हणाले असं होतं कधी कधी, बनाबाई म्हणाल्या, बोलणं जातं आणि गाणं राहतं.

"शाहीर, जरा थांबा," अलीम म्हणाला. "डिस्कचा आवाज ऐकू द्या."

शाहीर ओशाळून गप्प झाले. अलीमने कान लावला, बटण दाबलं, आणि चौथ्या खेपेला मशीन चालू झालं. पडद्यावर 'गाणी' नावाचा फोल्डर. आत दोनशे चौदा फायली. बिभीषण शाहिरांनी डावा हात तोंडावर धरला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"आदी उतरवून घे," कारभारी म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"माझ्याकडे रिकामी डिस्क आहे, बॅगेतच आहे," नितीन म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे, भाई. नुसती अक्षरं आहेत. सगळी मिळून एका फोटोएवढीही भरणार नाहीत."

"आधी तपासणी," अलीम म्हणाला.

"आरं, टिकटिकतीय ती! तिच्यावर तपासनी चालवली तर जीव जाईल तिचा. तुझा शिरस्ता धरून बस तू, गानी जातील."

"कारभारी, कारखान्यात मोटारी बांधत होतास तू. डिस्क मला शिकवू नकोस. बिघडलेल्या डिस्कवरून माल उचलला तर अर्धा खराब येतो. पंचवीस वर्षं करतोय मी हे."

गिऱ्हाइकासमोर माघार घ्यायची म्हणजे अलीमच्या जिवावर आलं. एवढंच होतं ते, दुसरं काही नाही. नितीन बॅगेची चेन उघडून डिस्क हातात घेऊन उभा होता. अलीमने त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही आणि तपासणी सुरू केली. टक्के चढू लागले. पाच, नऊ, बारा. चौदावर आकडा थांबला. आतून पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला, आणि पडदा निळा झाला.

अलीमने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कारभारी बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. नितीनने हातातली डिस्क हळूच बॅगेत ठेवली. काय झालं हे त्या तिघांना कळलं होतं, आणि शाहिरांना व बनाबाईंना कळलेलं नव्हतं.

बनाबाईंनी विचारलं, "काय झालं, भाई?"

इथे अलीमने खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसलो नसतो. चुका कोणाच्या हातून होत नाहीत? पण बनाबाईंच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास पाहून ह्या भल्या माणसाची जीभ भलतीकडे वळली.

"काही नाही, मावशी. एक पार्ट गेलाय, पुण्याहून मागवावा लागेल. वेळ जाईल थोडा. पण गाणी कुठं जात नाहीत, निर्धास्त राहा."

दोघे निर्धास्त होऊन एस.टी.ने घरी गेले.

त्यानंतर अलीमने काय करायचं बाकी ठेवलं? त्याच मॉडेलची डिस्क नितीनने भंगारातून हुडकून आणली, तिची सर्किटची पाटी काढून ह्या डिस्कला बसवली. व्यर्थ. कारभारीच्या हट्टाने डिस्क पिशवीत बांधून शहजादीच्या फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवली. गत तीच. पुण्याच्या एका मोठ्या दुकानात दाखवली. त्यांनी ती उघडली, आत चकतीवर ओरखडा दाखवला आणि परत दिली. हे फेब्रुवारीत झालं. म्हणजे फेब्रुवारीतच सगळं संपलं होतं.

बनाबाईंचा फोन पंधरा दिवसांनी यायचा. "अलीमभाई, झालं का?" अलीम म्हणायचा, "होतंय मावशी, पार्ट निघालाय." एप्रिलमध्ये म्हणाला की पार्ट चुकीचा आला. मे महिन्यात दुसरा मागवला. जूनमध्ये कारभारीने दुकानातच त्याला फैलावर घेतलं.

"सांगून टाक त्यांना. का झुलवतोयस?"

"एक आठवडा थांब."

"किती आठवडे झाले? तू डिस्क मारलीस ती चूक हुती, मी बोललो न्हाई. पन ही चूक न्हाई. हे तू करतोयस."

अलीम चिडून म्हणाला, की मग तूच कर ना फोन. कारभारी उठला, चपला घातल्या, आणि पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नितीन काही दिवस येत राहिला. पण दोघांत भांडण रंगत नाही, आणि जुन्या मशीनबद्दल बोलायचं तर प्रत्येक बोलणं त्या एका मशीनपाशी येऊन थांबायचं. मग तोही येईनासा झाला. रविवारी अलीम एकटाच शटर उघडायचा, कुठल्या तरी रॅमला रबर घासत बसायचा, आणि दुपारी शटर ओढायचा. शहजादी रोज विचारायची, सांगितलंस का? पुढे तिने विचारायचं सोडून दिलं. त्याचं अलीमला जास्त लागलं.

ऑगस्टनंतर बनाबाईंचे फोन थांबले. खरं सांगायचं तर अलीमला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याची शरम वाटली. दिवाळी उलटल्यावर एका सकाळी त्याने तो सीपीयू त्याच चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि राहात्याचा रस्ता धरला. जे व्हायचं ते होवो, आज सांगायचंच. शिव्या घालतील, घालू देत. वाटेत त्याने वाक्यं जुळवली, ती घरापर्यंत टिकली नाहीत.

बिभीषण शाहीर ओटीवर खाटेला खिळलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, नजर छताला. अलीमने "शाहीर" म्हणून हाक मारली, पण नजर वळली नाही. बनाबाईंनी पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली बसल्या.

"मावशी, डिस्क गेली," अलीम म्हणाला. "गाणी गेली. त्याच दिवशी गेली, जानेवारीत. कारभारी म्हणत होता आधी उतरवून घे, मी ऐकलं नाही. माझ्या हातून गेली. पार्ट-बिर्ट काही नव्हता. मी खोटं बोलत होतो."

बनाबाई म्हणाल्या, "जानेवारीत?"

"हो."

"मशीनचं काय, मशीन हाय. मरतंच कवातरी. मी तुमाला त्याचं काई म्हनत न्हाई."

अलीमला क्षणभर वाटलं, सुटलो. त्याने मान वर केली. बनाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या, खाटेकडे बघत होत्या.

"तवा ह्यांना गाता येत हुतं, भाई. तुमच्या दुकानात ऐकलंच की तुमी. रोज सकाळी गायचे. मी वही घिऊन बसले हुते, फेब्रुवारीत. सात गानी लिवली. लई दमायचे ओ, घाम यायचा, रडायचे मधीच. मंग तुमाला फोन केला तर तुमी म्हनला, होतंय. मीच ह्यांना म्हनलं, कशाला जिवाला तरास, अलीमभाई सगळी आनून देतील. वही मिटून ठिवली."

त्यांनी पदराने शाहिरांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली.

"ऑगस्टात दुसऱ्यांदा वारं गेलं. आता गानं बी न्हाई. जानेवारीत तुमी खरं बोलला असता, तर सात म्हैने हुते माझ्याजवळ. रोजचं एक म्हनलं तरी समदी झाली असती."

बनाबाई उठल्या, चादर सोडवून घेतली, घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली, आणि उघडा सीपीयू त्याच्याकडे सरकवला.

"ह्ये तुमी घिऊन जावा," त्या म्हणाल्या. "घरात जागा न्हाई."