बाईच्या पायाचं पाणी

बुधवारच्या प्रार्थनेसाठी मी चर्चमध्ये सतरंज्या अंथरत होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. "अहो, लवकर घरी या. बाई बोलून नाही राहिल्या." कुडव्यातलं आमचं घर तिथून जवळच. गाडीवर बसल्या बसल्या प्रभूला हाक मारत होतो, पण डोळ्यांपुढे बाईचा पाय येत होता... आदल्या संध्याकाळी तो धुवायचा राहिला होता.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली. नवेगाव बांध या आमच्या गावी लोकांच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी करून बाईनेच मला शिकवलं. त्याच वर्षांत तिच्या उजव्या पायाला हत्तीरोग जडला. नवरा वारल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तो पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सारखाच जाड झाला होता. आल्यागेल्याला स्वतःच सांगायची, "आमच्या दारी हत्ती बांधला हाय बापा. चारा बी नाही मागत." डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय रोज साबणाने धुवा, बोटांमध्ये कोरडा करा, नाहीतर जखमा चिघळतील. बाईला वाकता येत नव्हतं, म्हणून ते काम माझं. मोरीजवळच्या स्टुलावर बसून ती हाक मारायची, "बाबू, पाणी आण ना रे." कधी मी जायचो, बहुतेकदा बायकोला पाठवायचो, आणि तीही दमलेली असली की राहून जायचं. वास यायचा... हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्या मंडळीत गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी बारा जणांचे पाय धुतात. धुतात पाळक, पाणी मी ओततो, आणि ते बारा जण निवडतोही मीच. यंदा बाई सकाळपासून तयार होती. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, पायाला खोबरेल लावलं होतं.

"मलेबी बसव ना बारात," ती म्हणाली.

"ऊन लय आहे बाई. कायले त्रास करून घेतेस?"

"लाज वाटून राहिली का रे?"

"तसं नाही बाई..."

ती हसली. "राहू दे बापा. तुमच्या त्या परातीत माहा पाय मावाचा नाही."

मी बायकोला घेऊन गेलो. निवडलेले सगळे घरून पाय घासून, नवे मोजे घालून आले होते. आम्ही धुतलेलेच पाय पुन्हा धुतले. गाणी म्हटली. माझे डोळेही भरून आले होते. घरी आलो तर बाई अजून त्याच लुगड्यात स्टुलावर बसलेली. शेजारी तिचा हिरवा प्लास्टिकचा टब कोरडा पडला होता. "कसं झालं रे?" तिने विचारलं. "चांगलं झालं," म्हणालो, आणि आत जाऊन पडलो.

पावसाळ्यात बोटांमधल्या जखमा चिघळल्या, थंडी वाजून ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "रोज धूत होता ना?" खाटेवरून बाईच बोलली, "धुते ना डाक्टरसाहेब. माहा भाऊ रोज धुते." तिथून घरी आणलं ते काही दिवसांसाठीच. त्या बुधवारी मी पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

शवपेटीत ठेवण्याआधी तो पाय मी धुतला. साबण लावून, बोटाबोटांत फडकं फिरवून, डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसा. वास येत होता, पण मी तोंड फिरवलं नाही. पाळक हळूच म्हणाले, "पुरे आता." मला थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं प्रार्थनेत मी प्रभूला विनवत होतो, माझ्या घरी ये. तो आलाच होता. मोरीजवळ बसून पाणी मागत होता... आणि मी त्याला ऊन लय आहे म्हणून घरी ठेवून त्याच्याच नावाने पाणी ओतायला गेलो. क्षमा मिळते, असं मीच लोकांना सांगत आलो आहे. स्वतःला ते अजून एकदाही सांगितलेलं नाही.

परवा बायकोने कपडे भिजवायला तो टब घेतला. मी असा ओरडलो की तिने तो जागेवर ठेवला. बाईच्या पायाच्या भाराने त्याच्या तळाला चीर गेली आहे. संध्याकाळी मी त्यात कोमट पाणी ओततो आणि स्टुलासमोर खाली बसतो. थोड्या वेळाने पाणी झिरपून मोरीत निघून जातं. मी उठतो आणि पुन्हा भरतो.