जावेच्या तळ्यातली मरळ

धानोऱ्याची जमीन वाटली गेली तेव्हा माझ्या नवऱ्याच्या आणि धाकट्या दिराच्या वाट्याला बांधाला बांध लागून शेतं आली. दोघांनीही शेततळी खोदली. मी रोहू-कटला मासे सोडले, धाकट्या जावेनेही तेच सोडले. खाद्य तेच, पाणी तेच. तरी वर्षाने जाळं ओढलं तेव्हा तिचा रोहू हातभर आणि माझा वीतभर निघाला. माझ्या जाळ्यात नुसती चिलापी वळवळत होती. अंगठ्याएवढी, बेसुमार वाढलेली, सगळं खाद्य फस्त करणारी.

सासऱ्यांनी तिचा मासा वर धरला. "मासा असा पाह्यजे!"

त्या दिवशी तिच्याच माशाचं कालवण झालं. डोकं दुखतंय म्हणून मी जेवले नाही. भूक मात्र कडकडून लागली होती.

पुढे कळलं की तिने तळ्यात मरळ सोडल्यात. मरळ दुसरे मासे खाते. चिलापीची पिल्लं ती खाते, म्हणून रोहूला खाद्य उरतं. तिला जाऊन विचारायचं? जीव गेला तरी नाही. खांडबाऱ्याच्या बाजारातून मी जिवंत मरळ आणल्या, चांगल्या मनगटाएवढ्या, वीस. त्याच आठवड्यात रोहूची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लंही सोडली.

दोन महिन्यांनी खाद्य टाकलं तरी पाणी हलेना. चिलापी संपली होती, आणि बोटुकलीही.

जाऊ बांधावर येऊन उभी राहिली. "बाई, कितल्या मरळ टाक्यात?"

"वीस."

"मी तं चारच टाक्यात. त्या बी बोटएवढ्या. आधी रोहू मोठा होऊ दिधा, मंग मरळ. माले इचारं का नही?"

तिने माझ्याबरोबर जाळं ओढून मरळ काढल्या, चार दिवसांनी स्वतःच्या तळ्यातले वीतभर रोहू घमेल्यात आणून माझ्या पाण्यात सोडले. तिचं हे चांगलं वागणंही मला सहन झालं नाही. आतल्या आत जळत मी "बरं" एवढंच म्हणाले.

त्या वर्षी माझे मासे वाढले. शेजारच्या गावची एक बाई तळं बघायला आली. मी तिला सगळं समजावलं: आधी रोहू वाढू द्यायचा, मग लहान मरळ, आणि त्याही मोजक्याच. "तुम्ही कुठे शिकलात?" तिने विचारलं.

"आपलं आपणच," मी म्हणाले.

जाऊ पलीकडे जाळं वाळत घालत होती. तिला ऐकू गेलं.