कॉलिनचं दुसरं तिकीट

सुरेश सोनकांबळेला कुणी चहा पाजला तर तो आधी कपात बघतो, मग पाजणाऱ्याकडे. हा स्वभावदोष आहे असं त्याची बायको म्हणते. मला तो कामाचा परिणाम वाटतो. सिंगापुरात वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात आम्ही एकाच मजल्यावर बसतो. बंद पडलेले इलेक्ट्रॉनिक भाग त्याच्याकडे येतात आणि ते का बंद पडले हे तो सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढतो. वीस वर्षं हेच काम. एखादी वस्तू नीट चाललेली दिसली की तिचा तडा आपल्याला अजून सापडलेला नाही, असं तो धरून चालतो.

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी जेवताना त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "वाच, आणि यात काय चुकतंय ते सांग."

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून कॉलिन नावाच्या माणसाचा निरोप होता. फेब्रुवारीत तू लंडनला कामाला येणार आहेस ना, मग शनिवार-रविवार जोडून इकडे ये. शुक्रवारी संध्याकाळपासून शहर दाखवतो. न्यूकॅसलची रात्र पाहिली नाही तर इंग्लंडला येऊन काय पाहिलंस? शनिवारी मॅच. तिकीट माझ्याकडे आहे. राहा माझ्याच घरी. तुझ्याकडून काही नको.

"चांगलंच लिहिलंय की. चुकतंय काय?"

"शेवटचं वाक्य," सुरेश म्हणाला. "काही नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही."

नांदेडकडच्या या माणसाला न्यूकॅसलचं वेड कसं लागलं, ते सांगायला हवं. २००६ साली तो पुण्याची नोकरी सोडून सिंगापूरला आला आणि हौगांगला मिस्टर लिम नावाच्या म्हाताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेतली. लिमनी एकच प्रश्न विचारला होता, स्वयंपाक किती करणार? सुरेश म्हणाला, थोडाच. चाव्या मिळाल्या. शनिवारी लिम न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालून टीव्हीपुढे बसायचे, आणि चार महिन्यांत सुरेशही त्यांच्या शेजारी बसायला लागला. संघ नेमका त्याच सुमाराला घसरणीला लागला होता. लिम म्हणायचे, तुझाच पायगुण. पुढे लिम वारले. बरोबर बसून हरायला कुणी उरलं नाही, तेव्हा सुरेश न्यूकॅसलच्या चाहत्यांच्या एका ऑनलाइन गटात शिरला. तिथे त्याने स्वतःचं नाव ठेवलं, सनी. कॉलिन तिथलाच. नऊ वर्षं दोघं जवळजवळ रोज एकमेकांना लिहीत होते, पण एकमेकांचा आवाज दोघांनीही ऐकला नव्हता.

सुरेशने होकार कळवला आणि लगेच तपास सुरू केला.

पहिली शंका तिकिटाची. त्या मैदानावर तिकीट मिळवायला तिथले लोक वर्षानुवर्षं धडपडतात. मग याच्याकडे जास्तीचं तिकीट आलं कुठून? कॉलिनने उत्तर दिलं, "माझ्या तिकिटाबरोबर एक असतंच." हे उत्तर सुरेशला पटलं नाही. बरोबर असतंच म्हणजे काय? साबणावर साबण फुकट?

दुसरी शंका फोटोची. कॉलिनने मागे कधीतरी आपला फोटो पाठवला होता. पुलावर उभा, दणकट, लाल चेहऱ्याचा माणूस. सुरेशची मुलगी प्रियदर्शिनी सोळा वर्षांची आहे. तिने तो मोठा करून बघितला आणि मागून जाणाऱ्या बसवरची जाहिरात शोधून काढली. जाहिरात चौदा वर्षांपूर्वीच्या एका मेळ्याची होती.

"पापा, ओल्ड फोटो लाह. सो शेडी," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

मग कॉलिनने शुक्रवारच्या पाच जागांची यादी पाठवली. इथे सुरुवात करू, इथे गाणी ऐकू, इथलं टेबल नदीकडे आहे. सुरेशने एकेक नाव नकाशावर शोधलं. पाचांतल्या तीन जागा कायमच्या बंद झाल्या होत्या. एकीच्या जागी दातांचा दवाखाना होता.

त्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला तो खटला जिंकल्यासारखा. "हा माणूस न्यूकॅसलचा नाहीच. कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून नावं उतरवतोय."

"पण नऊ वर्षं? इतकी वर्षं कोण नाटक करेल?"

"तेच तर. नऊ वर्षं थांबलाय म्हणजे हवंय ते मोठं असणार."

घरी बेबीवहिनींची काळजी वेगळ्या दिशेने चालली होती. त्या एका बालवाडीत शिकवतात आणि नवऱ्याला पुरत्या ओळखून आहेत. "अहो, पंचशील घेतलेला माणूस तुम्ही, आणि ही पाच-पाच बारची यादी?"

"मी सोडा पिणार."

"सोडा प्यायला न्यूकॅसल? कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये मिळत नाही?"

सुरेशने हळूच कॉलिनला कळवलं की आपण दारू पीत नाही. उत्तर आलं, मीही नाही, डॉक्टरने सोडायला लावली. आता दारू न पिणारा माणूस रात्री पाच बार हिंडायला का बोलावतो? शंकांच्या यादीत आणखी एक भर. शिवाय स्टेशनवरून मैदान चालत पंधरा-वीस मिनिटांवर, तरी कॉलिनचा हट्ट होता की टॅक्सीनेच जायचं, आणि मॅचच्या दीड तास आधी. व्हिडिओवर बोलू म्हटलं की तो विषय बदलायचा.

नोव्हेंबरात कळस झाला. कॉलिनने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझी कंबर कशी आहे? वजन वगैरे उचलता येतं ना?"

प्रियदर्शिनीने हातातली बशी खाली ठेवली. "पापा, किडनी. कन्फर्म किडनी."

सगळे हसले, पण सुरेशला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून त्याने कॉलिनला लिहिलं. तिकीट, फोटो, बंद पडलेल्या जागा, टॅक्सी, कंबर, सगळं एकाखाली एक मांडलं, आमच्या लॅबचा अहवाल असतो तसं. शेवटी लिहिलं, रविवारी समोरासमोर बोललास तर येतो, नाहीतर हा विषय संपला.

चार दिवस उत्तर नाही. सुरेश मला म्हणाला, "बघ. पळाला." पण त्याचा चेहरा काही जिंकल्यासारखा दिसत नव्हता.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर साठीचा, ओघळलेल्या खांद्यांचा माणूस होता. तो फोटोतलाच होता, त्यात शंका नव्हती. काही न बोलता त्याने फोन लांब धरला आणि सुरेशला चाकाची खुर्ची दिसली.

"बारा वर्षं झाली," कॉलिन म्हणाला. "पाय हळूहळू गेले. मी बस चालवायचो. त्या जागा बंद झाल्यात हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात अजून त्या चालू आहेत."

"आणि तिकीट?"

"खुर्चीवाल्याला सोबतीसाठी एक जास्तीचं मिळतं. माझी बहीण यायची. खुर्ची ढकलून ढकलून तिची कंबर गेली."

"म्हणजे तुला माझ्याकडून काहीतरी हवं होतं."

"हवं होतं."

"मग 'काही नको' का लिहिलंस?"

कॉलिनने फोन पुन्हा जवळ घेतला. "याआधी गटातल्या दोघांना बोलावलं होतं, खरं काय ते सांगून. एकाला ऐन वेळी ऑफिसात काम निघालं. दुसऱ्याने लिहिणंच थांबवलं. या वेळी ठरवलं, तू दारात आलास की सांगायचं. दारात आलेला माणूस परत जात नाही, असं वाटलं."

"मी गेलो असतो," सुरेश म्हणाला. "खोटं बोलून बोलावणाऱ्याकडे मी थांबत नाही."

"तिकीट खोटं नाही."

"दाखव."

कॉलिनने कार्ड कॅमेऱ्यापुढे धरलं. सुरेशने त्यावरचं नाव आणि वर्ष वाचून घेतलं. हे तोच मला दुसऱ्या दिवशी सांगत होता, जराही न लाजता.

"झालं समाधान?" कॉलिन म्हणाला. "आता माझी पाळी. सनी हे तुझं खरं नाव आहे का?"

या प्रश्नाची तयारी सुरेशने केलेली नव्हती. बेबीवहिनी मागे कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांचेही हात थांबले.

"सुरेश," तो म्हणाला. आणि मग, कुणी न विचारता, "सुरेश सोनकांबळे."

"मग सनी कशाला?"

"आमच्याकडे आडनाव सांगितलं की काही लोकांना ऐन वेळी कामं निघतात."

कॉलिनने ते आडनाव तीनदा म्हणून पाहिलं आणि तीनही वेळा वेगळं म्हटलं. मग म्हणाला, "ठीक आहे. म्हणजे दोघंही लपवत होतो."

सोमवारी जेवताना सुरेशने मला पुण्यातली एक गोष्ट सांगितली. वीस वर्षांत पहिल्यांदाच. पहिल्या नोकरीच्या वेळी कोथरूडला त्याने एक खोली पाहिली होती. घरमालकीणबाईंनी चहा दिला, पोहे दिले, खोली त्याची झाली असंच बोलल्या. निघताना म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" त्याने सांगितलं. "बरं बरं. आमचे हे आले की कळवते हं." दोन आठवडे तो फोनची वाट बघत राहिला. तिसऱ्या आठवड्यात तिथून जाताना खिडकीत दुसऱ्या कुणाचे शर्ट वाळत घातलेले दिसले.

"तेव्हापासून," तो म्हणाला, "कुणी फार गोड बोलायला लागलं की मी निघायच्या क्षणाची वाट बघतो."

मी कोथरूडचा. कोणती गल्ली, हे विचारायला माझं तोंड उघडलं आणि मी ते मिटलं. आमच्याही घरी वरची खोली भाड्याने द्यायचे.

सुरेशचं जायचं ठरलं. संशय गेला म्हणून नव्हे. शहरात एका हॉटेलची खोली त्याने गुपचूप राखून ठेवलीच. पण तयारीही केली. शेजारच्या अनीशच्या आईची चाकाची खुर्ची मागून आणली, इमारतीखाली प्रियदर्शिनीला तिच्यात बसवलं आणि रोज संध्याकाळी उताराच्या वाटेवर वरखाली ढकलायला लागला. एकदा उतारावर खुर्ची हातून सुटता सुटता राहिली. "पापा, ब्रेक! ब्रेक लाह!" ही ओरड सातव्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. त्यानंतर उतारावर खुर्ची उलटी फिरवून न्यायची हे तो शिकला. जायच्या आधी लिटिल इंडियातून चिवडा घेतला. बेबीवहिनींनी त्यातली तिखट पाकिटं काढून ठेवली.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी दुपारी तो न्यूकॅसलला उतरून घरी पोचला तेव्हा कॉलिन दार उघडं टाकून उंबऱ्याच्या आत बसला होता. थंडी आत येत होती, तरी दार बंद केलं नव्हतं. "तासभर झाला," शेजारीण जाताना म्हणाली. "दार लावा म्हटलं तर ऐकत नाहीत."

संध्याकाळी दोघं बाहेर पडले. यादीतल्या उरलेल्या दोन जागांपैकी एकीला बाहेरच चार पायऱ्या होत्या. दारावरच्या माणसाने मदत करतो म्हटलं, पण कॉलिनने नको म्हणून सांगितलं. दुसरी जागा नदीकाठी होती. तिथे जायचा रस्ता इतका उतरता होता की सुरेशला पूर्ण वेळ पाठमोरं चालावं लागलं. पाठमोरं चालताना समोर कॉलिनचं डोकं, आणि कॉलिन हात करून दाखवत होता, इथे अमुक होतं, इथे आम्ही पहाटेपर्यंत गायचो, इथे एक मुलगी माझी वाट बघून निघून गेली होती. बिनबाह्यांच्या कपड्यांत पोरीपोरं त्या गारठ्यात हसत चालली होती. सुरेशने दोन स्वेटर घातले होते. पुलाखाली दोघांनी आल्याचा सोडा घेतला. सुरेश म्हणतो, परत चढ चढताना आपल्याला पहिल्यांदा कॉलिनच्या बहिणीचं दुःख कळलं.

हॉटेलच्या त्या खोलीत तो गेलाच नाही.

शनिवारी मैदानाच्या फाटकापाशी कर्मचाऱ्याने दोन्ही तिकिटं पाहिली, मग सुरेशकडे पाहिलं आणि जरा थांबला. सुरेशला वाटलं, तोच तो निघायचा क्षण. आता विचारणार.

"कंबर सांभाळा साहेब," कर्मचारी म्हणाला. "हा दिसतो त्यापेक्षा जड आहे." आणि बाजूचं रुंद दार उघडलं.

लिफ्टने वर गेल्यावर हिरवं मैदान एकदम समोर आलं. सुरेशच्या भोवती पन्नास हजार लोक गात होते आणि एकही शब्द त्याला कळत नव्हता. संघ एका गोलने हरला. शेवटच्या मिनिटाला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा कॉलिनने त्याचा हात इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला. सुरेशला त्या क्षणी मिस्टर लिम आठवले आणि डोळे पुसायला त्याने टोपी खाली ओढली. थंडीने पाणी येतं, असं त्याने कॉलिनला सांगितलं. कॉलिनने ते मानून घेतलं.

परतल्यावर तो बदलला म्हणावं, तर नाही. माझ्या वाढदिवसाचा केक त्याने परवा आधी वास घेऊन खाल्ला. पण गटात त्याचं नाव आता सुरेश सोनकांबळे आहे, आणि कॉलिनने डिसेंबरात सिंगापूरला येतो असं कळवलंय.

"येईल का खरंच?" मी विचारलं.

"मला नाही वाटत," सुरेश म्हणाला. "बोलायला काय जातं?"

मग त्याने फोनमधलं एक रेखाचित्र दाखवलं. त्याच्या हौगांगच्या फ्लॅटमधल्या न्हाणीघराचं दार होतं, मापांसकट. खुर्ची आत जायला दोन इंच कमी पडत होते. चौकट काढून रुंद करायला सुतार मंगळवारी येणार होता.