मावशीच्या चपला

कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच, पण पोहायला येत नव्हतं. तरी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी डहाणूच्या खडकांत, ओहोटीला साचलेल्या पाण्यात स्नॉर्केलची श्वासनळी तोंडात धरून पालथा पडलो आणि समुद्रफुलं, म्हणजे फुलांसारखे दिसणारे प्राणी, पाहताना वेळ विसरलो.

शेजारी एक मावशी कालवं फोडत होती. मागच्या सखल खडकावर ठेवलेल्या आपल्या चपलांकडे ती सारखी वळून बघे. एकदम तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

“चपला भिजल्या, ऊठ. तू मासे बघणार, मग पाणी कोण बघणार?”

मागची, किनाऱ्याकडे परतायच्या वाटेतली घळ भरतीनं भरत आली होती. तिचा दंड घट्ट धरून वाळूवर आलो, तेव्हा जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मीही चपला तिच्या चपलांशेजारी ठेवल्या. तिनं माझ्या उचलून आणखी खालच्या खडकावर ठेवल्या.

“तुला पोहता येत नाय. तू माझ्या आधी निघायचं.”